केसपेपर मोफत, पण डॉक्टर हवेत

सपाट भागात ३० हजार, आदिवासी-डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. खाली उपकेंद्रं, वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. केसपेपरचे पैसे तसे किरकोळच होते; रोजंदारीवरच्या माणसाचा खिसा खरा वाचतो तो रक्त-लघवीच्या तपासणीत आणि साखर-रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्यांत. डॉक्टरची जागाच रिकामी असेल, तर मात्र ही मोफत सोय कागदावरच राहते.

या मोफत सोयीची खरी गरज पडते ती कुत्रा चावल्यावर. अशा वेळी जखमेला हळद-चुना फासत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.