ॲप घ्यावं, पण कुठलं?

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, पालकांच्या बैठकीत मला गणिताचा शिक्षक म्हणून एक प्रश्न हमखास विचारतात : ‘सर, मुलांसाठी कुठलं ॲप घ्यावं?’ घ्यावं म्हणजे विकत घ्यावं. बहुधा विक्रेता घरी येऊन गेलेला असतो आणि हप्त्यांचा कागद सहीची वाट पाहत असतो.

तर मंडळी, सही करण्याआधी थोडं थांबा. २०२० मध्ये लहान मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या ‘व्हाइटहॅट ज्युनियर’च्या जाहिराती घरोघरी दिसत होत्या. जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर त्यांतल्या पाच मागे घ्याव्या लागल्या. ही कंपनी विकत घेणाऱ्या ‘बायजूज’वर २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. वर्षाचे पैसे आगाऊ भरणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

शिवाय पुष्कळसं फुकट आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपमधून पाहिला, की धड्याचं साहित्य उघडतं. उजळणीला ते पुरे. अर्थात घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर रानात, ही अडचण खरीच. माण तालुक्यातल्या विजयनगरच्या शाळेतले शिक्षक बालाजी जाधव यांनी टाळेबंदीत साध्या फोनच्या कॉन्फरन्स कॉलवरून मुलांना गोष्टी सांगितल्या. शिक्षक तयार असेल तर साधा फोनही चालतो.

मी ॲप पाहताना एकच गोष्ट पाहतो : त्यात मुलाला चुकता येतं का? बरोबर उत्तराला चांदणी आणि चुकीला फुली, एवढंच असेल तर ती जुनी पाटीच, फक्त रंगीत.

आता ‘स्क्रॅच’ पाहा. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये ते खुलं केलं. संगणकावर एकदा उतरवून घेतलं, की इंटरनेटशिवाय चालतं. यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडायचे. ‘शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश वळ’, हे चार वेळा केलं की चौरस तयार. मग मुलाला म्हणा, सारख्या बाजूंचा त्रिकोण काढ. त्याला पाठ असतं, की त्याचा प्रत्येक कोन साठ अंशांचा. तो साठ लिहितो, तीन वेळा करतो आणि पडद्यावर उमटतो अर्धा षटकोन!

इथे मास्तरांनी गप्प बसावं. मुलाला त्रिकोणी शेताच्या बांधावरून चालायला सांगावं. कोपऱ्यावर आल्यावर तोंड सरळ पुढे असतं, तिथून दुसऱ्या बांधाकडे वळायचं. आतला कोन साठ, म्हणून वळण एकशे ऐंशी वजा साठ, म्हणजे एकशे वीस. फेरी पूर्ण झाली, की तीन वळणांची बेरीज ३६०. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये ‘लोगो’ भाषा तयार केली, ती याच विचाराने.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ प्रयोग पाहा. फुकट आहेत, बरेचसे मराठीतही आहेत. वायर, सेल, बल्ब जोडून दिवा का लागत नाही, हे मूल स्वतः शोधतं. (घरी खरा सेल आणि बल्ब असेल तर आधी तोच लावा.)

आणि आज घरी मुलांना विचारा, सारख्या बाजूंच्या पंचकोनासाठी किती अंश वळायचं?