बीव्हर आणि होला

केनवडच्या आमच्या शाळेच्या कुंपणालगतच्या बाभळीवर होल्याच्या एका जोडीने घरटे केले आहे. घरटे कसले, काटक्यांची विरळ जाळीच. खालून पाहिले तरी आतील दोन पांढरी अंडी दिसतात. वर्गात युरोपातील बीव्हर या प्राण्याचा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, एवढा मोठा बांध घालणारा प्राणी संपत आला आणि असले घरटे करणारा होला वाढला, हे कसे?"

बीव्हर हा उंदीर व साळिंदर यांच्याप्रमाणे कुरतडणारा प्राणी. वजन वीस किलोच्या आसपास. तो दातांनी झाडे पाडतो आणि फांद्या-चिखलाचा बांध घालून ओढा अडवतो. घराचे दार सदैव पाण्याखाली राहावे, हा त्यामागील हेतू. आपल्या वनराई बंधाऱ्यासारखेच हे काम. त्या डोहावर बेडूक, मासे, पाखरे जगतात. अशा या कारागिराला माणसाने कातडीसाठी, मांसासाठी आणि त्याच्या अंगातील सुगंधी द्रव्यासाठी मारले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी साऱ्या युरोप-आशियात जेमतेम १२०० बीव्हर उरले होते. पुढे शिकारीवर बंधने आली. १९२२ साली नॉर्वेतून स्वीडनमध्ये व २००९ साली स्कॉटलंडमध्ये ते नेऊन सोडण्यात आले. आज त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे.

मानेवर काळी अर्धकंठी असलेला आपला करडा होला जेमतेम दोनशे ग्रॅमचा. त्याच्या कातडीला बाजारात किंमत नाही, हे त्याचे भाग्यच म्हणावे. खळ्यावर सांडलेले दाणे त्याला पुरतात. नर-मादी दोघेही अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव्य पिलांना भरवतात आणि एक वीण संपते न संपते तोच दुसरी सुरू करतात. विसाव्या शतकात हा पक्षी बाल्कन प्रदेशातून युरोपभर पसरला; १९५५ साली इंग्लंडमधील नॉरफोक येथे त्याने घरटे केले. तेथे त्याला कोणी नेले नव्हते. बीव्हरला मात्र माणसानेच घालवले आणि माणसानेच परत आणले.

आता आमच्या बाभळीविषयी. ती जागा नव्या स्वच्छतागृहासाठी हवी आहे आणि मुलींना त्याची निकड आहे, हेही खरे. रोज सकाळी मुलांसह प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील घेणाऱ्या आम्हांला कुऱ्हाड लावण्याचा धीर झाला नाही. पिले उडून जाईपर्यंत थांबावे, असे ठरले आहे. होल्याची वीण जवळजवळ वर्षभर चालते, हे बांधकाम समितीस सांगावयाचे अद्याप राहिले आहे.