समुद्र नसलेल्या गावात

परदेशी माणूस भारतात येऊन राहिला म्हटलं की आपल्याला आधी गोवा आठवतो. साठीचं दशक संपता संपता हिप्पी हणजूणच्या किनाऱ्यावर उतरले. पुढे बुधवारचा बाजार भरू लागला, हरमल आणि मोरजीची नावं जगभर पोचली आणि जमिनीचे भाव गावकऱ्यांच्या हाताबाहेर गेले. ही कथा अनेकांनी लिहिली आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातली कथा मात्र मराठीत फारशी कुणी सांगत नाही. इथे ना समुद्र ना नारळ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. तरीही गेली शंभर वर्षं परदेशी माणसं इथे येतात, राहतात आणि काहींची तर मातीही इथेच होते.

नगरला परदेशी वस्ती त्याआधीपासून आहे. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं इथे १८३१ मध्ये सुरू झालं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. सावित्रीबाई फुले यांचं अध्यापनाचं प्रशिक्षण त्यांच्याच संस्थेत झालं. काही परदेशी सक्तीनेही आले: दोन्ही महायुद्धांत जर्मन नागरिकांना नगरच्या छावणीत ठेवलं होतं. पुढे तिबेटमधल्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइनरिख हारर १९३९ मध्ये त्यांच्यात होता.

अरणगावची गोष्ट या दोन्हींहून वेगळी. तिथे आलेल्यांना कुणी नेमलं नव्हतं की डांबलं नव्हतं. नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहिल्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या इमारती ओस पडल्या होत्या. १९२३ मध्ये आध्यात्मिक गुरू मेहेरबाबा आपल्या शिष्यमंडळींसह तिथे आले. मूळचे पुण्याचे मेरवान शेरियार इराणी, वय २९. याच जागेचं पुढे मेहेराबाद झालं. १० जुलै १९२५ पासून बाबांनी मौन धरलं आणि ते अखेरपर्यंत पाळलं. त्याच वर्षी पाऊस लांबला, तेव्हा अरणगावच्या लोकांनी त्यांना साकडं घातलं आणि नोव्हेंबरात पहिली धुनी पेटली. आजही दर महिन्याच्या १२ तारखेला ती पेटते. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो त्यात गाव आहे म्हणून. दुष्काळ गावाचा होता आणि मागणंही गावाचंच होतं.

१९३१ मध्ये बाबा पहिल्यांदा पश्चिमेकडे गेले. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी त्याच ‘राजपुताना’ बोटीवर होते. पुढच्या काही वर्षांत युरोप-अमेरिकेतले अनुयायी उलट्या दिशेने निघाले. मेहेराबादच्या टेकडीवर लष्कराची पाण्याची टाकी होती. तिच्यावर १९३८ मध्ये मजला चढवून पाश्चात्त्य स्त्रियांची राहायची सोय केली गेली. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या या जिल्ह्यात पाण्याच्या टाकीचं घर झालं, ही गोष्ट मनातून जात नाही. राहण्याचे नियम कडक होते. स्त्रियांचा एकांतवास, ठरलेली दिनचर्या, बाहेरच्यांशी जवळजवळ संबंध नाही. यातल्या किटी डेव्ही या इंग्लंडहून आलेल्या. १९५२ पर्यंत त्या भारतात राहिल्या आणि त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिल्या. स्विस चित्रकर्ती हेलन डाम हिने १९३८ मध्ये टेकडीवरच्या घुमटाच्या आतल्या भिंती रंगवल्या. बाबांची समाधी आज त्याच चित्रांखाली आहे. मायदेशी परतल्यावर, १९५४ मध्ये, झुरिक शहराचा कला पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. एका थोर युरोपीय चित्रकर्तीचं भित्तिकाम आपल्या जिल्ह्यात आहे, हे नगरच्या किती शाळांत सांगितलं जातं?

समुद्रकिनारा या कथेत येतो, पण अमेरिकेचा. एलिझाबेथ पॅटरसन आणि नोरिना मॅचाबेली याही भारतात राहून गेलेल्या. दक्षिण कॅरोलिनातल्या मर्टल बीचजवळ त्यांनी १९४४ मध्ये बाबांसाठी केंद्र उभारलं. सुमारे ५०० एकरांचं रान, पलीकडे अटलांटिक. मर्टल बीच आता गजबजलेलं पर्यटनस्थळ आहे. १९५२ मध्ये किटी डेव्ही भारतातून तिथे गेल्या आणि १९९१ मध्ये, वयाच्या शंभरीत, वारल्या. अरणगावच्या माळावर अंगवळणी पडलेली शिस्त त्यांनी त्या किनाऱ्यावर नेली.

नगरच्या बाजूला इंग्रज डॉक्टर विल्यम डॉन्किन राहिले. ऑस्ट्रेलियाचा कवी फ्रान्सिस ब्रॅबझन पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझाद या बाबांच्या निवासस्थानी सुमारे दहा वर्षं राहिला आणि तिथे त्याने इंग्रजीत गझला लिहिल्या. ३१ जानेवारी १९६९ रोजी बाबांनी देह ठेवला. त्यानंतर ओघ आटेल असं वाटलं असतं. घडलं उलट. १९७२ मध्ये इंग्लंडचा रॉक संगीतकार पीट टाउनशेंड समाधीवर येऊन गेला. १९८० मध्ये यात्रेकरूंसाठी निवास सुरू झाला, २००६ मध्ये त्याहून मोठा. दरवर्षी अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, हजारो माणसं जमतात. काही परदेशी मात्र यात्रा संपली तरी वर्षानुवर्षं राहतात. दवाखाना, बागा, ग्रंथालय, जुनी कागदपत्रं, जिथे हात लागेल तिथे ते काम करतात.

असं राहणं सोपं नाही. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला साधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात आधी शेतकरी असावं लागतं. गावात मुळं धरणं कायद्यानेच अवघड आहे. म्हणून माझ्या मते या माणसांची गणना वर्षांत करू नये. गावाच्या रोजच्या व्यवहारात त्यांची जागा कोणती, हे पाहावं. मिस फरार यांच्या शाळेत मुली शिकल्या, तशी अरणगावची माणसं आश्रमाच्या दवाखान्यात औषध घेत आली, तिथे रोजगार करत आली. गोव्याच्या किनाऱ्यावर आलेल्यांनीही तिथल्या माणसांना काम दिलं, पण जमीन महाग करून ठेवली. अरणगावच्या माळावर झाडं वाढली. हा फरक मला मोठा वाटतो.

या कथेची एक बाजू इंग्रजीत भरभरून लिहिली गेली आहे: आठवणी, पत्रं, चरित्राचे अनेक खंड. गावाची बाजू त्यात क्षीण ऐकू येते. ज्यांनी त्या टेकडीवर पाणी वाहिलं, भिंती बांधल्या, परदेशी बायांना मराठीचे पहिले शब्द शिकवले, त्यांची मुलं-नातवंडं आज अरणगावात, पिंपळगाव माळवीत आहेत. नगरच्या महाविद्यालयांतल्या इतिहास आणि मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: विद्यार्थ्यांना घेऊन या घरांत जा, म्हाताऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, ट्रंकेतले जुने फोटो नोंदवून ठेवा. हे काम येत्या काही वर्षांतच होऊ शकतं.