पितळेत नांगरलेलं नशिराबाद

जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर नशिराबाद लागतं. या गावाचं नाव धातूवर घालायचं, तर भांड्यांच्या दुकानातल्या कारागिराला फार विचार करावा लागत नाही. तो थरथरती सुई टेकवतो आणि ठिपक्यांची ओळ ओढत जातो. लग्नाच्या ताटांवर ‘सप्रेम भेट’ अशीच उमटते. हेच काम टेबलावर मावणाऱ्या हौशी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या, यंत्राकडून, पितळेच्या पट्टीवर करून घ्यायचं ठरवलं, की अक्षर ही काय चीज आहे ते कळू लागतं.

यंत्राला ‘न’ ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असतं ते डावं-उजवं, पुढे-मागे आणि वर-खाली. ‘जी १, एक्स १२, वाय ५, झेड उणे ०.४’ म्हणजे सरळ रेषेत अमुक बिंदूपर्यंत जा, आणि तिथे पोचशील तेव्हा टोक पृष्ठभागाच्या ०.४ मिलिमीटर खाली असू दे. अशा ओळींमागून ओळी. ‘ब’चं गोल पोटसुद्धा अशाच बारीक तुकड्यांनी बनतं. ‘३०१८’ नावाने मिळणाऱ्या यंत्राचं कामाचं क्षेत्र सुमारे ३० बाय १८ सेंटिमीटर. त्याची मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. चालक-सर्किटने प्रत्येक पावलाचे १६ भाग केले आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात टोक ४ मिलिमीटर सरकलं, तर एका मिलिमीटरमध्ये ८०० पावलं झाली! हा हिशेब अर्थात कागदावरचा. स्क्रू-नटातली ढिलाई आणि हलणारी चौकट त्यातला बराच भाग खाऊन टाकतात.

खरी गंमत रेषेच्या जाडीत आहे. कोरायचं टोक ‘व्ही’ आकाराचं, म्हणजे खाली निमुळतं असतं. नांगराचा फाळ खोल गेला की तास रुंद पडतं, तसंच इथे होतं. ९० अंशांच्या टोकाने ०.२ मिलिमीटर खोल गेलात तर रेघ ०.४ रुंद, ०.५ खोल गेलात तर १ मिलिमीटर. म्हणजे अक्षराची जाडी यंत्र खोलीत मोजतं. ‘द’ची शेपटी बारीक होत जाते तिथे टोक हळूहळू वर येतं. जाड दांड्यावर ते मध्यरेषेने खोल चालतं, आणि कोपरा आला की त्या कोपऱ्यात तिरकं शिरत पार पृष्ठभागापर्यंत उचललं जातं. सरळ दंडगोल टोकाला हे जमत नाही. ते फिरतं, म्हणून त्याचा आतला कोपरा गोलच राहतो. निमुळतं टोक मात्र फिरत असूनही धारदार कोपरा काढतं. मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

आता देवनागरीचे नखरे. ‘शि’मध्ये वेलांटी टाइप होते ‘श’नंतर, पण दिसायची त्याच्या आधी. कोरीवकामाच्या काही प्रोग्रॅमना हे कळत नाही. ते वेलांटी ‘श’च्या पुढे नेऊन ठेवतात आणि गावाचं नाव बिघडतं. म्हणून शब्द आधी इंकस्केपसारख्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये लिहून त्याच्या नुसत्या आकृत्या करून घ्यायच्या. तरी एक मेख उरते. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्यापुरता शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. पडद्यावर ती एकसंध रेघ दिसते, पण यंत्र प्रत्येक तुकड्याची कड इमानाने कोरतं आणि शिरोरेषेत जागोजाग उभे चरे पडतात. सगळ्या आकृत्या जोडून एक केल्या, की मगच न, शि, रा, बा, द एका रेषेखाली येतात.

हाताने कोरणाऱ्याची गोष्ट वेगळी. याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शके ११२८चा शिलालेख अभ्यासक भाऊ दाजी लाड यांना सापडला. त्यातला शेवटचा मजकूर मराठीत आहे. तो लेख कोरणाऱ्याला दगड उंचसखल लागला, तर हाताला ते लगेच जाणवत असणार. यंत्राला नाही. पट्टीला ०.१ मिलिमीटरचा बाक असला, तरी ९० अंशांच्या टोकाची रेघ ०.२ने कमी-जास्त होते. बारीक अक्षरात हा फरक डोळ्याला सलतो. उपाय असा, की पट्टी आणि टोक यांना वीजजोडणी देऊन टोक ठिकठिकाणी अलगद टेकवायचं. स्पर्श झाला की सर्किट पूर्ण होतं, यंत्र उंची टिपतं आणि त्या उंचसखल नकाशाप्रमाणे कोरण्याची खोली बदलतं.

पितळ या सगळ्याला साथ देतं, भुग्यासारखा किस सोडतं. ॲल्युमिनियम टोकाला चिकटतं, म्हणून थेंबभर रॉकेल लागतं. स्टेनलेस स्टीलच्या ताटापुढे मात्र हलकं यंत्र हात टेकतं, कारण हे स्टील कापताना आणखी कडक होतं. तिथे मोटर बंद ठेवून हिऱ्याचं टोक नुसतं ओढत न्यायचं. त्यासाठी कडा नसलेली, एकाच रेघेची अक्षरं हवीत. १९६७ साली अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या ॲलन हर्शी यांनी रोमन, ग्रीक, रशियन, इतकंच काय, जपानी अक्षरंही अशी रेघांनी मांडली. आजही ती कोरीवकामात वापरतात. देवनागरी त्यांत नव्हती. त्यामुळे ताटावर ‘नशिराबाद’ हवं असेल तर त्याची एक-एक रेघ पडद्यावर स्वतः आखावी लागते, आणि तेवढ्या वेळात भांड्यांच्या दुकानातला कारागीर अख्ख्या रुखवताच्या भांड्यांवर नावं घालून मोकळा होतो.