उन्हाळ्यांतील वाढदिवस आणि परसबाग

चैत्र-वैशाखांत शेतकऱ्याच्या घरीं रोख पैशाची चणचण असते. रब्बीचा माल विकून आलेली रक्कम खरिपाच्या बियाण्यास व खतास राखावयाची असते. याच दिवसांत मुलांचे वाढदिवस आले म्हणजे शहरांतील केक, मिठाई व थंड पेयें यांकडे ती रक्कम वळते. मुलांच्या आनंदांत काटकसर करावी, असें आमचें म्हणणें नाहीं; परंतु औक्षणानंतरचें पान घरच्या परसांतील मालानें भरतां येतें. त्यासाठीं वाढदिवसापासून मागें दिवस मोजून पेरणी केली पाहिजे.

प्रथम तारीख कीं तिथि, हें ठरवावें. तिथि इंग्रजी तारखेच्या मानानें दरवर्षीं सुमारें ११ दिवस अलीकडे येते, आणि अधिक मास पडल्यास सुमारें १९ दिवस पुढें जाते. वेल मात्र ऊन व उष्णता यांप्रमाणेंच वाढतो. म्हणून तिथि पाळणाऱ्यांनीं पंचांग पाहूनच पेरणीचा दिवस धरावा.

समजा, वाढदिवस १५ मे रोजीं आहे. कलिंगडास ८० ते १०० दिवस लागतात. त्याचें बीं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत टोकावें. दुधी भोपळ्यास सुमारें ६० दिवस लागत असल्यानें तो मार्चच्या मध्यास लावावा. काकडी व भेंडी ४५ ते ५० दिवसांत येतात. तीं मार्चअखेर लावावीं. कोथिंबिरीस सुमारें ४० दिवस पुरतात. धने रगडून दोन दळें करून पेरावे व वर आडोसा करावा. जात व हवा यांमुळें कांहीं दिवस मागेंपुढें होतात, म्हणून काकडी आठ दिवसांच्या अंतरानें दोनदां लावणें शहाणपणाचें.

विहिरीचें पाणी उतरलेलें असतां मोठा वाफा करूं नये. अर्धा गुंठा जागा पुष्कळ होते. वेलाशेजारीं कच्च्या मातीचें सच्छिद्र मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें. त्यांतून पाणी हळूहळू मुळांशीं झिरपतें. आळ्यांत पाचटाचें आच्छादन करावें.

काकडी, दुधी व कलिंगड यांस नर व मादी फुलें वेगवेगळीं येतात. फळधारणा मधमाश्यांवर अवलंबून असते. फुलोऱ्याच्या वेळीं सकाळीं औषध फवारूं नये. इतर वेळीं फवारल्यास डब्यावर सांगितलेले दिवस गेल्याशिवाय तोडणी करूं नये, कारण तें फळ आपलेंच मूल खाणार आहे.

पाण्याचा ताण पडल्यास काकडी कडू होण्याचा संभव असतो. दुधी चिरतांना एक तुकडा चाखून पाहावा. कडू लागल्यास तो टाकून द्यावा. कडू दुधीच्या रसानें जीवास अपाय झाल्याचीं उदाहरणें आहेत.

कलिंगडाच्या देठाजवळचा तणावा वाळला, जमिनीस टेकलेला भाग पिवळसर झाला व ठोकतां बद्द आवाज आला, म्हणजे फळ तयार झालें. आंबे देठासह उतरून गवताच्या आढींत घालावे. साधारण आठ-दहा दिवसांत ते पिकतात. कॅल्शियम कार्बाईडनें फळें पिकविण्यास कायद्यानें बंदी आहे, आणि त्या भुकटींत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात.

या मालांतून कैरीचें पन्हें, काकडीची कोशिंबीर, दुधीचा हलवा, आमरस व थंड कलिंगड एवढें तयार होतें. वाढदिवशीं तीळ व गूळ घातलेलें दूध देण्याची जुनी चालही यांत सहज बसते.

ज्याचा वाढदिवस, त्याच्याच हातून बीं टोकवावें. तीन महिने आळ्यास पाणी घालणारें मूल शेतीचा पहिला धडा घरींच शिकतें. बियाणें संकरित नसल्यास उत्तम वेलावरील एक फळ पक्व होऊं द्यावें, आणि त्याचें बीं राखेंत सुकवून पुढील वर्षाकरितां त्या मुलाच्याच स्वाधीन करावें.