दाचा : दिलेल्या जमिनीची कुळकथा

रशियन कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यास ‘दाचा’ हा शब्द वारंवार भेटतो आणि उन्हाळ्यात राहावयाचे लाकडी घर, एवढा अर्थ मनाशी धरून तो पुढे जातो. परंतु या लहानशा शब्दाच्या पोटी जमीनधाऱ्याचा फार मोठा इतिहास आहे. संस्कृत ‘दा’ धातूच्याच कुळातील रशियन क्रियापदापासून तो सिद्ध झाला असून ‘दिलेले’ हा त्याचा मूलार्थ होय. राजाने मर्जीतल्या सेवकास बहाल केलेली भूमी ती दाचा. आपल्या इनामाची ही दूरची बहीणच म्हणावी.

१७०३ साली सेंट पीटर्सबर्ग वसवणाऱ्या झार पीटरने पीटरहॉफकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या जमिनी दरबारी मंडळींना वाटून दिल्या आणि तेथे उपवनांसह हवेल्या उभ्या राहिल्या. पुढे आगगाडी आली, १८६१ साली भूदासांची मुक्तता झाली, जुन्या जमीनदाऱ्या कर्जात बुडाल्या आणि दाचा मध्यमवर्गीयांना भाड्याने मिळू लागली. चेकॉव्हच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या ‘चेरी ऑर्चर्ड’ या नाटकात, ज्याचे बाप-आजे त्या बागेच्याच जमिनीवर भूदास म्हणून राबले तो लोपाखिन मालकिणीला बाग तोडून दाचांसाठी तुकडे पाडण्याचा सल्ला देतो, तेव्हा एका वर्गाचा अस्त या एका शब्दातून ऐकू येतो.

१९१७ नंतर जमीन सरकारजमा झाली, देणारा हात मात्र राहिलाच. मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनो या गावी सरकारमान्य लेखकांना दाचा मिळाल्या. कवी-कादंबरीकार पास्तरनाक तेथेच राहिला व १९६० साली तेथेच वारला. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांतील कामगारांनाही तुकडे मिळू लागले, बहुधा सहा ‘सोत्कां’चे. सोत्का म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ आपला एक गुंठा! त्या सहा गुंठ्यांत मे महिन्यात बटाटे लावायचे, काकड्या खारवून बरण्यांत भरायच्या, करवंदासारख्या आंबटगोड फळांचा मुरंबा घालून हिवाळ्याची बेगमी करायची. घर किती लहान असावे यावरही निर्बंध होते, आणि मालकी सरकारचीच. तरीही सामुदायिक सदनिकांत दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबाला आपली म्हणता येईल अशी माती प्रथम मिळाली ती येथेच, आणि दाचेच्या साऱ्या इतिहासात मला हाच भाग सर्वाधिक मोलाचा वाटतो.

सरकारी दप्तरात अशा तुकड्याची नोंद ‘बागेची जमीन’ अशी होई. त्याला दाचा म्हटले ते लोकांनी. १ जानेवारी २०१९ पासून अमलात आलेल्या कायद्याने दाचाधारकांचा ‘दाचा-संघ’ हा कायदेशीर प्रकारच रद्द केला, पण शुक्रवारी संध्याकाळी मॉस्कोहून लोकलने निघालेला माणूस आजही दाचेवरच जातो.