जागतिक हवामान दिन
दरवर्षी 23 मार्चला पाळला जाणारा जागतिक हवामान दिन हे 1950 साली याच तारखेला अमलात आलेल्या, जागतिक हवामान संघटना स्थापन करणाऱ्या कराराचे स्मरण होय. दिन पाळण्याचा प्रघात मात्र 1961 पासूनचा. जिनिव्हा येथील ही संघटना 1873 च्या व्हिएन्ना परिषदेतून उगम पावलेल्या जुन्या संस्थेची वारस असून, जगभरच्या वेधशाळांनी ठरलेल्या जागतिक वेळेला आणि एकाच पद्धतीने नोंदी घ्याव्यात हे पाहण्याचे तिचे काम समारंभाहून कितीतरी नीरस, पण त्याहून मोलाचे आहे. ग्रीनिचच्या मध्यरात्रीची नोंद भारतात पहाटे साडेपाचची ठरते. त्याच सुमारास तापमान, आर्द्रता व वायुदाब मोजणारे रेडिओसोंड नावाचे छोटे उपकरण हायड्रोजनच्या फुग्याला बांधून सोडले जाते आणि फुगा उंचावर फुटेपर्यंत त्याची मापे रेडिओलहरींद्वारे वेधशाळेत येत राहतात.